हरलेल्याचा संशय

कट्टर पक्षसमर्थक कटकारस्थानाच्या गोष्टींवर चटकन विश्वास ठेवतात का आणि हा दोष एकाच बाजूचा आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, पक्ष कोणता यापेक्षा तो नुकताच हरला की जिंकला, हे पाहिले तर संशय कोठे उगवेल ते अधिक नेमके सांगता येते. अमेरिकेतील जोसेफ उसिन्स्की आणि जोसेफ पेरेंट या अभ्यासकांनी एका वृत्तपत्राला 1890 पासून 2010 पर्यंत आलेली लाखाहून अधिक वाचकांची पत्रे तपासली, तेव्हा सत्ता ज्यांच्याकडे, आरोपांचा रोख त्यांच्याकडे, असेच चित्र दिसले.

आपल्याकडेही 1971 च्या पराभवानंतर जनसंघाचे बलराज मधोक यांनी मतपत्रिकांवर अदृश्य होणारी रशियन शाई वापरल्याचा आरोप केला होता. ‘हा विजय बाईचा नाही, गाईचा नाही, शाईचा आहे’ अशी कोटी तेव्हा मुंबईत चालत असे, असे वडील सांगत (गाय-वासरू ही इंदिरा गांधींच्या पक्षाची निशाणी होती). 2009 मध्ये भाजप हरल्यावर अडवाणींनी ईव्हीएमवर शंका घेतली; आज तीच शंका विरोधकांच्या तोंडी आहे.

गिरगावातील आमच्या चाळीत हा प्रकार मी जवळून पाहिला. जून 2024 मध्ये राज्यातील 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, तेव्हा समोरच्या खोलीतील काका यंत्रांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत आणि शेजारचे अण्णा मात्र परदेशी पैशाच्या गोष्टी सांगत होते. नोव्हेंबरमध्ये महायुतीने 288 पैकी 230 जागा जिंकल्या, तेव्हा गॅलरीत दोघांच्या भूमिकांची अदलाबदल झालेली होती. त्याच जूनमध्ये वायव्य मुंबईत महायुतीचे रवींद्र वायकर अवघ्या 48 मतांनी निवडून आले आणि ओटीपी टाकून ईव्हीएम उघडल्याची बातमी पसरली. यंत्र कोणत्याही नेटवर्कला जोडलेले नसते आणि त्याला ओटीपी लागत नाही, असा खुलासा निवडणूक अधिकाऱ्यांनी केला, वृत्तपत्रानेही चूक मान्य केली. तरीही नोव्हेंबरनंतर काकांनी तीच बातमी पुन्हा काढली आणि कित्येक दिवस सांगत राहिले.

शंका घेणे आणि कटावर श्रद्धा ठेवणे यांत मात्र मी फरक करतो. मतदान प्रतिनिधी म्हणून मी बसलो आहे. पहाटे किमान 50 मतांचे अभिरूप (चाचणी) मतदान होते, व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेले ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजून ताळा जुळवतात, मग ती मते पुसून सीलवर आमच्या सह्या घेतात. सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 रोजी फेटाळली, पण ती मागणी वेडगळ नव्हती, कारण मोजणी झाली असती तर मागणी करणारा चुकीचा ठरण्याचीही सोय तिच्यात होती. काकांना मी विचारले, किती चिठ्ठ्या जुळल्या तर पटेल? ते म्हणाले, “जुळल्या तर चिठ्ठ्यासुद्धा त्यांनीच छापल्या असतील.”