बदामीत डोसा मागू नका

प्रश्न : जानेवारीच्या शेवटी जोडून चार दिवस सुट्टी आहे. गाडी आमची, चालवणारे आम्ही दोघं. बरोबर ७४ वर्षांच्या सासूबाई (कांदा-लसूण चालत नाही) आणि १४ वर्षांचा मुलगा (त्याला डोसा सोडून काही चालत नाही). कोल्हापूर, बेळगाव, बदामी, हंपी, विजापूर एवढं बघून पुण्याला परत येता येईल का? आणि खरं दाक्षिणात्य जेवण कुठे मिळेल?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : येईल की. फक्त घरी आल्यावर फोटो बघत एकमेकांना विचारत बसाल, हे देऊळ नक्की कुठलं. हंपी काढून टाका. तिला पुढच्या वर्षी वेगळे तीन दिवस द्या. या वेळी बदामी मुख्य आणि बाकीचं जाता-येता, असं धरा. सासूबाईंचे गुडघेही शाबूत राहतील.

आधी जेवणाचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नातच एक गफलत आहे. ‘दाक्षिणात्य’ म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यांपुढे इडली-सांबार येतं. बेळगाव ओलांडून मलप्रभेच्या खोऱ्यात शिरलात की मुलूख ज्वारीचा. जोळद रोट्टी म्हणजे आपली भाकरीच, पण हाताने थापून पातळ केलेली. मऊ वेगळी, वाळवून कडक केलेली वेगळी. सोबत एण्णगायी, म्हणजे दाण्याच्या कुटाची, तेल सुटलेली भरली वांगी. कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, मटकीची उसळ, दही, आणि कच्चीच मेथी. असं ताट जिथे मिळतं तिथल्या पाटीवर कानडी लिपीत जे लिहिलेलं असतं ते वाचून घेतलंत तर ‘खानावळी’ निघेल. माझी आजी बागलकोटची. लग्नानंतर पन्नास वर्षं नारायण पेठेत काढली, तरी शेवटपर्यंत म्हणायची, तुमच्या भाकऱ्या म्हणजे बैलगाडीची चाकं.

या खानावळींचं एकच लक्षात ठेवायचं : दुपारी एकच्या आत ताटावर बसा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा लेण्यांत रमलो आणि तीन वाजता भूक आठवली. खानावळ आवरलेली. मग एका हॉटेलात शिरून मुलांसाठी डोसा मागवला. जे आलं ते उत्तप्पा आणि घावन यांच्या मधलं काहीतरी होतं आणि सांबार चक्क गोड होतं. चूक हॉटेलवाल्याची नव्हे, आमची. कोल्हापुरात जाऊन ढोकळा मागितला तर काय मिळणार?

आता रस्ता. पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघा. कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर; मिसळ खायची तर तिथे, तांबड्या-पांढऱ्यावर मी काही सांगावं असं नाही. तिथून नरसोबाच्या वाडीला वळा. सासूबाईंना दत्तदर्शन, वर बासुंदी आणि कवठाची बर्फी, आणि कांदा-लसणाचा प्रश्नच नाही. पुढे खिद्रापूर. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत आणि वर मधोमध छत मुळातच मोकळं ठेवलंय. त्याच्या बरोबर खाली गोल शिळा आहे, तिच्यावर उभं राहून वर बघायला मुलाला सांगा. मोबाइल खिशात जातो, अनुभव आहे. मुक्काम बेळगाव.

एक सावधगिरी. जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात मागचा दिवा नसताना पुढे येतात. सात वाजले की गाडी लॉजच्या दारात, हा आमच्या घरचा कायदा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला बदामी गाठा, मग लेणी. पहिल्याच लेण्यात अठरा हातांचा नटराज आहे, तो फार पायऱ्या न चढता सासूबाईंना दिसेल. गाइड हातांच्या जोड्या लावून ८१ मुद्रा मोजून दाखवतो, मोजू द्यावं. तिसरं लेणं मात्र तुम्ही दोघांनी चुकवू नका. शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख तिथे आहे. बदामीच्या चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाने हे विष्णूचं लेणं करवलं. लेण्याचं साल इतकं चोख सापडणं दुर्मीळ. आपल्याकडच्या बऱ्याच लेण्यांच्या काळावर अभ्यासक अजून भांडतायत. माकडं आहेत, खाऊची पिशवी गाडीतच ठेवा. संध्याकाळी अगस्त्य तळ्याच्या पलीकडच्या टोकाला भूतनाथाच्या पायरीवर जाऊन बसा. लाल दगडावर उतरतं ऊन पडतं तेव्हा काही बोलावंसं वाटत नाही.

तिसरा दिवस सकाळी ऐहोळेपासून सुरू करा. तिथलं दुर्गा मंदिर दुर्गेचं नाही, दुर्गाजवळचं म्हणून दुर्ग. लाडखान मंदिराला त्यात राहिलेल्या माणसाचं नाव चिकटलंय. मुलाला हे आवडेल. तुम्हाला मात्र मी मेगुती टेकडीवर पाठवते. वरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्तीचा सन ६३४ चा संस्कृत लेख आहे. त्यात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी तीन महाराष्ट्रकांतल्या ९९ हजार गावांचा स्वामी झाला असं म्हटलंय. म्हणजे आपलं नाव या खडकावर कोरलेलं आहे. आणि रविकीर्ती खोडकर : पुलकेशीपुढे उत्तरेच्या सम्राट हर्षाचा हर्ष गळाला, अशी कोटी त्याने राजाच्या प्रशस्तीत केली आहे. पुणेकर शोभला असता.

पट्टदकल वाटेवरच. चालुक्य राजा विक्रमादित्याने (दुसऱ्या) कांचीवर विजय मिळवला म्हणून राणी लोकमहादेवीने विरूपाक्षाचं देऊळ बांधवलं, आणि तिची सख्खी बहीण आणि सवत त्रैलोक्यमहादेवीने शेजारीच मल्लिकार्जुनाचं. एकाच आवारात उत्तरेची आणि दक्षिणेची शिखरं दिसतात. घाई असेल तर ही दोन तरी बघा.

दुपारी बनशंकरी. बदामीहून पाचेक किलोमीटर, अनेक मराठी घरांची कुलदेवता. देवळाबाहेर तळ्याच्या आसपास बायका टोपल्या घेऊन बसतात. मागच्या खेपेला एकीने फडक्यातून रोट्टी काढली, तिच्यावरच वांगं ठेवलं, चटणीत बोटाने खळगा करून तेल सोडलं आणि मडक्यातल्या दह्याचा घट्ट गोळा बाजूला टाकला. मग विचारलं, “खारा?” मी उत्तर द्यायच्या आत लाल मिरचीचं रंजका पडलंसुद्धा. डोळ्यांतून पाणी आलं, दुसरी रोट्टी मागितली. सासूबाईंसाठी दोन वाक्यं पाठ करा : “उळ्ळागड्डी ब्याड” म्हणजे कांदा नको, “बळ्ळुळ्ळि ब्याड” म्हणजे लसूण नको. दाण्याच्या चटणीत लसूण असतोच, तेव्हा त्यांना दही-रोट्टी आणि गव्हाची हुग्गी (खीर) मिळाली तर हुग्गी. कॅलेंडर मात्र बघून घ्या. पौष पौर्णिमेला बनशंकरीची, म्हणजेच शाकंभरीची, जत्रा सुरू होते आणि बरेच दिवस चालते. त्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळणार नाही.

जेवून निघा आणि रात्री विजापुरात झोपा. कारण गोलघुमट उघडल्या उघडल्या चढायचा. नऊ वाजता शाळांच्या सहली आल्या की कुजबुजीच्या सज्जात (जिथे हळू बोललेलंही पलीकडे ऐकू येतं) फक्त किंचाळ्या ऐकू येतात. शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते त्या महंमद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ मध्ये वारला. जिना अरुंद आहे, सासूबाईंनी खाली बागेत बसावं. जाता जाता मुलुख-ए-मैदान तोफ बघा, ती १५४९ साली आपल्या अहमदनगरला ओतलेली आहे. सोलापूरमार्गे रात्री आठपर्यंत घरी.

डोशाचं राहिलं. चार दिवस नाही मिळाला तर चौदा वर्षांच्या मुलाला काही होत नाही. फारच तोंड वाकडं केलं तर संध्याकाळी मिरची भजी द्या.

प्रश्न : याच बाजूला जाणार आहोत. ऑफिसात वाटायला कुंदा आणू, पेढा आणू की करदंट?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : बेळगावहून पुढे चार दिवस फिरणार असाल तर कुंदा नको. तो दूध-खव्याचा, गाडीच्या डिकीत आंबतो. पेढा धारवाडचा, आणि धारवाड तुमच्या रस्त्यावर नाही. ऐहोळेजवळच्या अमीनगडचा करदंट घ्या. ‘करिद अंटु’ म्हणजे तळलेला डिंक. त्यात गूळ आणि सुका मेवा, सहज टिकतो. कवळी असलेल्या सहकाऱ्यांना देऊ नका.

प्रश्न : बदामीजवळ खण कुठे मिळतात?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : गुळेदगुड्डला, बदामीहून गाडीने तासाभराच्या आत. दुकानात घेण्याआधी हातमागाचा आहे का विचारा आणि जमलं तर माग चालतो त्या घरात डोकावा. मी दोन खण आणायला गेले होते, अकरा घेऊन आले. शिवायला अजून एकही टाकलेला नाही.