'जाबदार' या शब्दाने घाबरलेली मुलगी

कोर्टाचं पाकीट चार दिवस तिच्या पर्समध्ये पडून होतं. ती माझ्याकडे आली तेव्हा सोबत आई होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती दीड वर्षापूर्वी लहान मुलाला घेऊन माहेरी आली होती.

"मॅडम, कोर्टानं मला आधीच जबाबदार धरलंय."

तिचं बोट स्वतःच्या नावापुढच्या शब्दावर होतं : जाबदार.

हा शब्द मी रोज वाचते. तो कुणाला असा लागेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. तिला म्हटलं, अर्ज करतो तो अर्जदार आणि ज्याने त्याला उत्तर द्यायचं तो जाबदार. उद्या तू अर्ज केलास तर तू अर्जदार, नवरा जाबदार. दोष कुणाचा हे अजून कुणीच ठरवलेलं नाही.

आईची भीती वेगळी होती. "पोलीस येऊन हिला नांदायला घेऊन जातील का हो?"

नाही, मावशी. नवऱ्याचा अर्ज हिंदू विवाह कायदा, 1955 मधल्या कलम 9 खालचा होता, म्हणजे बायकोने परत नांदायला यावं असा हुकूम मागणारा. हुकूम त्याच्या बाजूने झाला तरी कुणी तिला हात धरून सासरी नेऊन सोडत नाही. हुकूम मोडल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि हुकमानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत तर त्या कारणावर दोघांपैकी कुणालाही घटस्फोट मागता येतो. मारहाण हे वेगळं राहण्याचं रास्त कारण आहे, पण ते कोर्टात मांडावं लागतं. इथे मी आवाज जरा कडक केला. कितीतरी बायका असं पाकीट कपाटात ठेवून देतात, तारखेला जात नाहीत आणि मग एकतर्फी हुकूम होतो. नवऱ्याच्या अर्जापेक्षा मला त्या कपाटाची जास्त भीती वाटते.

"स्वतःहून घर सोडलं की पोटगी मिळत नाही म्हणतात," ती हळूच म्हणाली. तेही तसं नाही. कायदा पाहतो ते पुरेशा कारणाशिवाय घर सोडलं का, हे. नवऱ्याला नांदण्याचा हुकूम मिळाला तरी तेवढ्यावरून बायकोची पोटगी आपोआप जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं आहे. पोटगी मागायला आधी घटस्फोट लागतो, हाही गैरसमजच.

भावकीतून सल्ला आला होता, स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून मोकळे व्हा. त्यावर सही करू नकोस, असं मी दोनदा बजावलं. जातीची रूढी कोर्टात सिद्ध होत असेल तो अपवाद सोडला, तर नोटरीच्या शिक्क्याने हिंदू लग्न मोडत नाही.

वकिलाच्या फीचं ऐकून मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. विधी सेवा समितीकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पत्ता लिहून दिला.

घटस्फोट हवा का, हे तिचं अजून ठरलेलं नाही आणि मीही विचारलं नाही. जाताना तिने कागद पुन्हा उघडला, तारीख मोबाईलमध्ये टाकली आणि विचारलं, "माझं म्हणणं मराठीत दिलं तर चालेल ना?"

चालेल, म्हटलं.