कारखान्याच्या आतल्याच नेटवर्कवर टेलनेट चालू ठेवलं तर काय बिघडतं?

तुमच्या हिंगणा एमआयडीसीतल्या युनिटमध्ये नेटवर्कचे स्विच टेलनेटवर (दुरून मशीनमध्ये लॉगिन करायची जुनी पद्धत) आहेत, एका जुन्या युनिक्स मशीनवर आरलॉगिन (तशीच दुसरी पद्धत) आहे, आणि बाहेरून कोणी येत नाही म्हणून साहेब निवांत आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी नागपुरात अशीच कामं करतो. ‘आतलंच आहे ना भाऊ, राहू द्या’ हे बुटीबोरीलाही ऐकतो.

टेलनेटमध्ये सगळं उघडं जातं. वायरशार्क या नेटवर्कवरचा डेटा टिपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लॉगिन, पासवर्ड आणि पुढची प्रत्येक कमांड सरळ वाचता येते. स्विचमुळे दुसऱ्याचे पॅकेट (डेटाचे तुकडे) दिसत नाहीत म्हणाल, तर एआरपी स्पूफिंगने, म्हणजे नेटवर्कवर खोटा पत्ता सांगून, ते वळवता येतात. व्हायरस लागलेला एक लॅपटॉप पुरे. पासवर्ड दर महिन्याला बदला, काही फरक पडत नाही. सगळं सांकेतिक करून पाठवणारं एसएसएच निघालं तेच अशा चोरीमुळे: हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपले जात होते, म्हणून तिथल्याच ततु युलेनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिलं.

आरलॉगिन मला याहून वाईट वाटतं. आरहोस्ट्स या विश्वासातल्या मशीनच्या यादीच्या फाइलमध्ये समोरच्या मशीनचं नाव असलं की पासवर्ड विचारतच नाही. ओळख पटते पत्त्यावरून, आणि पत्ता खोटा सांगता येतो. १९९४ च्या नाताळात अमेरिकेतले संगणक-सुरक्षा तज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरा यांच्या मशीनवर हेच झालं: हल्लेखोराने विश्वासातल्या मशीनचा पत्ता लावला आणि त्या फाइलमध्ये अधिकची दोन चिन्हं (+ +) लिहिली. अर्थ असा की कुठूनही, कोणीही या. ते मशीन आजच बंद करा, माझं तर हेच म्हणणं.

स्विच सिस्कोचे असतील तर ‘शो व्हर्जन’ ही कमांड देऊन इमेजचं (स्विचच्या सॉफ्टवेअरचं) नाव बघा. त्यात ‘के९’ असेल तर एसएसएच मिळेल. मग ‘शो आयपी एसएसएच’मध्ये १.९९ दिसलं, तर एसएसएचची जुनी पहिली आवृत्तीही चालू आहे. तिची पॅकेट-तपासणी सीआरसी-३२ या साध्या चेकसमवर आहे, म्हणून मधे डेटा घुसवता येतो. फक्त २ ठेवा आणि व्हीटीवाय लाइनवर (दुरून लॉगिनच्या वाटेवर) टेलनेट बंद करा. ‘के९’ नसेल तर टेलनेट काढून स्विचला थेट जोडायच्या कन्सोल केबलने काम करा. तेही जमत नसेल, तर वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा तोडलेला भाग) आणि एकाच मशीनला परवानगी.

बदल करण्याआधी एनमॅप या प्रोग्रॅमने २३, ५१३, ५१४ हे पोर्ट (टेलनेट, आरलॉगिन आणि तशाच सेवांचे) तपासा, साहेबांना विचारूनच. प्रिंटर आणि सीसीटीव्हीचे डीव्हीआरही त्यात निघतील, त्यांना सोडू नका. २०१६ मध्ये मिराई हे मालवेअर अशाच डीव्हीआरमध्ये, टेलनेटवरून, कंपनीने दिलेले पासवर्ड वापरून शिरलं होतं.