शमुवेलाला ‘भविष्यवेत्ता’ म्हणू नये: नाबी, वकील आणि सवाल

एका वाचकाने विचारले आहे: जुन्या करारात तरुण शौल हरवलेल्या गाढवी शोधता शोधता शमुवेलापर्यंत पोहोचतो, त्या कथेत शमुवेलाला एकदा ‘द्रष्टा’ आणि एकदा ‘संदेष्टा’ का म्हटले आहे, या दोन्ही जड शब्दांऐवजी ‘भविष्यवेत्ता’ हा सोपा शब्द चालणार नाही का, आणि त्या भावी राजाचे नाव शौल लिहावे, शाऊल लिहावे की सॉल?

चालणार नाही. ‘भविष्यवेत्ता शमुवेल’ हे व्याख्यानांतून आणि मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींतून ऐकून माझे कान किटले आहेत. भविष्यवेत्ता म्हणजे पुढचे जाणणारा. पहिल्या भेटीत शमुवेल शौलाला गाढवींबद्दल जे सांगतो ते तर घडून गेलेले आहे: तीन दिवसांपूर्वी हरवलेल्या गाढवी सापडल्या आहेत, त्यांचा घोर लावून घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या वेशीशी तो शौलाच्या नोकराला पुढे पाठवतो, कुपीतले तेल शौलाच्या मस्तकावर ओततो, त्याचे चुंबन घेतो आणि परमेश्वराने तुला अधिपती नेमले आहे असे त्याला सांगतो. तू राजा होशील असे भाकीत करणे वेगळे आणि तेल ओतून माणसाला पदावर नेमणे वेगळे. पहिले काम ज्योतिषी करतो, दुसऱ्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. वाटेत कोण कोण भेटेल याच्या तीन खुणा शमुवेल सांगतो हे खरे, परंतु त्या खुणा झालेल्या नेमणुकीची खातरजमा म्हणून दिलेल्या आहेत.

‘द्रष्टा’ याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मूळ हिब्रूत तिथे ‘रोए’, म्हणजे पाहणारा, असा शब्द आहे आणि दृश् धातूपासून आलेला द्रष्टा त्याला नेमका बसतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या ९व्या अध्यायातील ९व्या वचनात तर कथाकार कथा थांबवून स्वतःच शब्दचर्चा करतो: आज ज्याला ‘नाबी’ (म्हणजे संदेष्टा) म्हणतात त्याला पूर्वी इस्राएलात ‘रोए’ म्हणत असत. वाचकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यात संपते. परंतु या वचनाच्या दोनच वचने आधी जे घडते, ते या कथेवर लिहिणारे बहुतेक जण न थांबता ओलांडून जातात.

शौल आणि नोकर सूफच्या प्रदेशात आलेले आहेत, थैलीतली भाकर संपली आहे, आणि शौल विचारतो: त्या देवमाणसाकडे जायचे तर त्याच्यासाठी काय न्यावे? हिब्रूत हे शब्द ‘मा नाबी’ असे आहेत. ‘आपण न्यावे’ या अर्थाचे हे क्रियापद आणि संदेष्टा या अर्थाचा ‘नाबी’ हे दोन्ही नून, बेथ, योद आणि आलेफ या त्याच चार अक्षरांनी लिहिले जातात. नोकराच्या हाताला पाव शेकेल चांदी लागते (त्या काळी शेकेल हे नाणे नव्हते, वजन होते, आणि पाव शेकेल म्हणजे तीन ग्रॅमही भरत नाही), आणि लगेच कथाकार नाबी या शब्दाचा खुलासा करतो. हा योगायोग आहे असे मी मानत नाही. ज्याच्याकडे जाताना काहीतरी न्यावे लागते तो नाबी, अशी लोकव्युत्पत्ती कथाकाराने प्रश्नाच्या पोटात लपवून ठेवली आहे.

ही अर्थात खरी व्युत्पत्ती नव्हे. खरी कोणती, यावर मोठमोठ्या पंडितांनी चुका केलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील जर्मन कोशकार गेझेनिउस यांनी नाबीचा संबंध उफाळून वाहणे या अर्थाच्या धातूशी जोडला, आणि अंगात आल्यावर ज्याच्या तोंडून शब्द उसळतात तो नाबी, असा समज त्यातून पसरला. त्या धातूच्या शेवटी आयिन हे अक्षर आहे, नाबीच्या शेवटी आलेफ हे वेगळे अक्षर आहे. ‘मन’ आणि ‘मण’ यांना एकच धरून व्युत्पत्ती सांगणाऱ्याला आपण जिथे थांबवू, तिथेच गेझेनिउस यांनाही थांबवले पाहिजे, त्यांचा अधिकार कितीही मोठा असो. खरा सोयरा प्राचीन बाबिलोनच्या अक्कादी भाषेत सापडतो: ‘नबू’, म्हणजे नाव घेऊन बोलावणे. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातील बाबिलोनचा राजा हम्मुरबी याच्या कायद्याच्या प्रस्तावनेत तो राजा स्वतःची ओळख करून देतो ती ‘एन्लिल देवाने बोलावलेला मेंढपाळ’ अशी, आणि त्यातला ‘बोलावलेला’ याच धातूचा आहे. त्याच वाक्यातला मेंढपाळ हा शब्द ज्या सेमिटिक धातूचा आहे, त्याच धातूपासून अरबीतून आपल्याकडे ‘रयत’ आली, हेही इथेच सांगून ठेवतो.

आता वाद एवढाच उरतो की नाबी म्हणजे बोलावणारा की बोलावलेला. अभ्यासक डॅनियल फ्लेमिंग यांनी १९९३ साली मारी आणि एमार या प्राचीन सीरियातील नगरांत सापडलेल्या लेखांच्या आधारे ‘देवाला आवाहन करणारा’ असा कर्तरी अर्थ मांडला. त्यापूर्वी अमेरिकन पंडित ऑल्ब्राइट यांनी ‘बोलावलेला’ हा कर्मणी अर्थ धरला होता. मी ऑल्ब्राइट यांच्या बाजूचा आहे, आणि माझे कारण शब्दाच्या साच्यात आहे. हिब्रूत असीर म्हणजे बांधलेला, साखीर म्हणजे मजुरीवर ठेवलेला, पाकीद म्हणजे नेमलेला अंमलदार. नाबी याच साच्यातून निघालेला आहे. हा साचा मराठी माणसाला परका नाही, कारण अरबीतला त्याचा जुळा भाऊ आपण रोज वापरतो: ज्याच्यावर काम सोपवलेले असते तो वकील, ज्याच्यावर विश्वास टाकलेला असतो तो अमीन. याच साच्यात हकीमासारखे कर्तरी शब्दही आहेत, त्यामुळे केवळ साच्यावरून निकाल लागत नाही हे मान्य. परंतु शौलाच्या कथेत हा साचा एकटा येत नाही. परमेश्वर शौलाला ‘मेलेख’, म्हणजे राजा, करायला सांगत नाही; तो ‘नागीद’, म्हणजे पुढे केलेला, अधिपती, हा शब्द वापरतो, आणि नागीद याच साच्यातला. तेल लावलेल्यासाठी पुढे शमुवेल जो शब्द उच्चारतो तो ‘माशीअह’, ज्याचा आपण मसीहा केला, तोही याच साच्यातला. बोलावलेला माणूस पुढे केलेल्या माणसाला तेल लावलेला माणूस करतो: तिघांच्याही मागे करणारा दुसराच आहे, आणि कथेचा सगळा भार याच गोष्टीवर आहे. कर्तरी अर्थ घेतला की हा भार सरकतो.

म्हणूनच ‘संदेष्टा’ या रूढ शब्दाबद्दलही माझी तक्रार आहे. सम् आणि दिश् यांपासून तृ प्रत्ययाने झालेला संदेष्टा म्हणजे व्याकरणाने संदेश देणारा, निरोप सोपवणारा. ज्याच्यावर निरोप सोपवला तो ‘संदिष्ट’. देव संदेष्टा आणि शमुवेल संदिष्ट, असे काटेकोर संस्कृत म्हणेल. इतक्या वर्षांच्या वापरानंतर हा शब्द बदलावा असे मी सुचवत नाही. परंतु नाबीचा अर्थ मराठीत एका शब्दात सांगायचा झाला तर मी ‘वकील’ सांगेन, आजचा काळ्या कोटातला नव्हे, तर पेशवाईतला: हिंगणे घराण्यातील मंडळी दिल्लीला पेशव्यांचे वकील म्हणून बोलत, तेव्हा शब्द त्यांचा असे आणि अधिकार पुण्याचा. मूळ शब्दही आपल्याकडे नांदतोच. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत मलिदा या नैवेद्याच्या विधीच्या वेळी ‘एलियाहू हन्नाबी’, म्हणजे एलीया संदेष्टा, हे नाव घेतले जाते, आणि मुसलमान बांधवांच्या मिलादुन्नबीतला नबी हा त्याच नाबीचा अरबी भाऊ आहे.

तेलाविषयी एक दुरुस्ती. मराठी बायबल शौलाचा ‘अभिषेक’ करवते, आणि अभिषेकात सिच् म्हणजे शिंपणे आहे. माशीअहचा धातू मात्र चोपडण्याचा, माखण्याचा आहे. त्याच्या जवळचा आपला शब्द अभ्यंग होय, दिवाळीच्या पहाटेचा, कारण त्यात अञ्ज् म्हणजे माखणे आहे. शमुवेलाने तेल ओतले आणि ओतण्यासाठी तिथे वेगळे क्रियापद आले आहे, एवढ्यापुरता अभिषेक खरा; परंतु शौलाला मिळालेले पद ओतण्यावरून पडलेले नाही, ते माखण्यावरून पडले आहे.

आता नावाकडे येतो, कारण मला सर्वाधिक आनंद देणारी गोष्ट तिथे आहे. हिब्रू ‘शाऊल’ म्हणजे मागितलेला, विचारलेला. हिब्रूचा श अरबीत स होतो, जसा शालोमचा सलाम झाला. त्याच नियमाने शाऊलचा धातू अरबीत ‘सुआल’ देतो, आणि तोच फारसीच्या वाटेने आपल्याकडे ‘सवाल’ होऊन आला. शौल हा सवालाचा सख्खा भाऊ आहे. शमुवेलाने सांगितलेल्या खुणांपैकी एकीत ताबोरच्या झाडापाशी तीन माणसे भेटतील, एकाजवळ तीन करडे, दुसऱ्याजवळ तीन भाकरी, तिसऱ्याजवळ द्राक्षारसाचा बुधला, आणि ती तुझे क्षेमकुशल विचारतील, असे आहे. मूळचे शब्द ‘शाअलू लेखा लेशालोम’. या तीन शब्दांत आपला सवालही आहे आणि आपला सलामही आहे.

हा धातू शौलाच्या आधीपासून कथेत फिरतो आहे. हन्ना आपल्या मुलाचे नाव शमुवेल ठेवते आणि कारण देते की, मी त्याला परमेश्वराजवळ मागितले. हे कारण शमुवेल या नावाला लागू पडत नाही, ते शौल या नावाला लागू पडते. पुढे तर ती त्या बाळालाच ‘परमेश्वराला दिलेला शाऊल’ म्हणते. यावरून काही आधुनिक अभ्यासक सांगतात की, ही जन्मकथा मुळात शौलाची होती आणि कोणीतरी ती उचलून शमुवेलाला चिकटवली. हे म्हणणे मला अजिबात पटत नाही. ज्या लेखकाला ‘काय न्यावे’ या साध्या प्रश्नात नाबी लपवता येतो, त्याच्या हातून नावांची अशी गफलत होत नाही. संदेष्ट्याच्या पाळण्यातच राजाचे नाव ऐकू यावे, ही त्याचीच योजना आहे. पुढे लोक शमुवेलाकडे राजा मागतात तेव्हा क्रियापद हेच, आणि मिस्पा येथे सामानात लपलेल्या शौलाचा ठावठिकाणा परमेश्वराला विचारतात तेव्हाही हेच.

म्हणून सॉल लिहू नये. त्यात मधला आलेफ गिळला जातो आणि श बरोबर सवालाचे नातेही जाते. मूळ उच्चाराच्या जवळ शाऊल आहे, मराठी बायबलच्या परंपरेत शौल रुळलेला आहे, आणि दोन्ही चालतील.

शौल आणि शमुवेल या दोघांची अखेरची भेट एन-दोर या गावी, शमुवेलाच्या मृत्यूनंतर होते. त्याआधी शौल परमेश्वराला विचारतो आणि उत्तर येत नाही. हिब्रूत ‘वय्यिशअल शाऊल’: विचारलेल्याने विचारले. मग भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडून तो शमुवेलाला अधोलोकातून वर बोलावतो, आणि त्या अधोलोकाचे हिब्रू नाव ‘शेओल’ हे शाऊलच्याच अक्षरांनी लिहिले जाते. वर आलेला शमुवेल त्याला म्हणतो: मला का विचारतोस?