आय-७ म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न : मुलाला गेमिंगसाठी कॉम्प्युटर हवाय, मॉनिटर घरात आहे. दुकानदार ‘आय-७, १६ जीबी रॅम’ असा तयार सेट स्वस्तात देतोय. घ्यावा का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ‘आय-७’ हे इंटेलच्या प्रोसेसरांच्या मालिकेचं नाव आहे, त्यात जुने-नवे सगळेच येतात. म्हणून आधी पूर्ण मॉडेल नंबर विचारा. आय-७ ३७७० निघाला तर तो २०१२ सालचा आहे. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. नुसत्या ‘आय-७’ला भुलू नका.

सुटे पार्ट घ्या. बजेटचा सर्वात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्या, कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबी हवीच. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड हा जोड १०८०पी (फुल एचडी) गेमिंगला भरपूर झाला. मात्र या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. कार्ड नंतर घेऊ म्हणाल, तर तोवर स्क्रीन काळीच राहील.

रॅम १६ची एक पट्टी नको, ८-८च्या दोन घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा, पहिल्या-दुसऱ्यात बसवल्या तर ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही पट्ट्यांचा एकत्र मिळणारा वेग, मिळणार नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. ते राहिलं की ३२००ची रॅम कमी वेगाने रखडत राहते.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) घेऊ नका. लेबलवर ४५० वॉट छापलेलं असतं, पण कार्ड-प्रोसेसर ज्यावर चालतात त्या १२ व्होल्टच्या लाइनवर तेवढी ताकद नसते. गेम रंगात आला की मशीन रीस्टार्ट. ५५० वॉटचा, ‘८० प्लस ब्राँझ’ हा कार्यक्षमतेचा शिक्का असलेला घ्या. लाइटवाले पंखे नसले तरी चालेल. आणि मॉनिटरची केबल बोर्डाला नव्हे, कार्डाला लावा!