वाचकांचे प्रश्न : एम.पी.एच. केल्याने नेमके काय येऊ लागते?

प्रश्न : मी बी.ए.एम.एस. असून गेली चार वर्षे नंदुरबार जिल्ह्यातील एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. बाह्यरुग्ण तपासणी, लसीकरण सत्रे, आशाताईंच्या बैठका आणि महिनाअखेरचे अहवाल हे सर्व मी करतेच. मग दोन वर्षे देऊन सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी (एम.पी.एच.) घेतल्याने मला असे काय येऊ लागेल, जे आज येत नाही?

उत्तर : आपण करता ते सार्वजनिक आरोग्याचेच काम आहे आणि त्याचा अनुभव कोणत्याही वर्गात मिळत नाही. या शिक्षणातून त्यात जी भर पडते, तिच्यात माझ्या मते सर्वांत मोलाची आहे ती अपूर्णांकातला छेद, म्हणजे ‘एकूण कितींपैकी?’ हे, विचारण्याची सवय. ‘न्यूमोनियाचे १२ रुग्ण’ असे आपण अहवालात लिहिता, तेव्हा तो केवळ अंश असतो. ही १२ बालके एकूण किती बालकांपैकी, किती काळात आढळली आणि उपकेंद्रापर्यंत न पोहोचलेली किती होती, हे कळल्याशिवाय त्या आकड्यावरून दोन गावांची किंवा दोन वर्षांची तुलना करता येत नाही. आपल्या भागात तर हा छेद स्थिरही नसतो, कारण ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे काही महिने गुजरातेत जातात. साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी या विषयांचे नाव ऐकून बिचकणारे पुष्कळ असतात, परंतु त्यांचा गाभा हाच आहे. क्षयरोग शोधमोहिमेनंतर रुग्णसंख्या वाढली, तर रोग वाढला की शोध वाढला, हे ओळखणे त्याच अभ्यासातून येते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेच शिक्षण घेतले आणि त्यानंतर गडचिरोलीत कामाला सुरुवात केली. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे आढळले, मात्र पूर्वी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. दवाखान्यातील रुग्णांची नोंदवही कितीही काटेकोर ठेवली असती, तरी हे चित्र तिच्यात उमटले नसते.

पुढे नवजात बालकांसाठी त्यांनी ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी सेवा दिली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. सेवेच्या गावांत नवजात मृत्युदर, म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण, दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. ही ४७ गावे नसती, तर ‘रस्ते झाले, पाऊसपाणी बरे झाले, म्हणून मृत्यू घटले’ या आक्षेपाला उत्तर देता आले नसते. उपाय केल्यानंतर सुधारणा झाली एवढ्यावरून ती उपायामुळेच झाली असे मानू नये, ही शिस्त मी स्वतः फार उशिरा शिकलो, आणि ती आपल्यासारख्या प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या हाती लवकर यावी असे मला मनापासून वाटते.

आरोग्य व्यवस्थापन, अर्थकारण, धोरण आणि संशोधनातील नीतिमत्ता हे विषयही अभ्यासक्रमात असतात. त्यांतील खर्चाचा हिशेब मांडण्याचे कौशल्य तालुका पातळीवर लगेच उपयोगी पडते. मुलाखती घेण्याचे शास्त्र मात्र दुय्यम समजू नका. एखादे कुटुंब लस का टाळते, हे प्रश्नावलीतील चौकटीत खूण करून कळत नाही. या पदवीने रुग्णोपचाराचा कोणताही नवा अधिकार मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

अर्ज भरण्यापूर्वी एक काम करून पाहा. आपल्या उपकेंद्राच्या गावांतील गेल्या वर्षीचे जन्म आणि बालमृत्यू आशाताईंच्या नोंदींशी एकेक करून ताडून पाहा. काही बाळे एकाच नोंदवहीत सापडतील, आणि ‘मृत जन्म’ म्हणून नोंदलेले एखादे बाळ जन्मल्यावर रडले होते, असे त्याची आई कदाचित सांगेल. ते बाळ कोणत्या रकान्यात मोजायचे, यावर तेथील नवजात मृत्युदर ठरतो.