नवा मॉनिटर लावल्यापासून काँप्युटरचा आवाज बंद: मदरबोर्ड खरंच गेला असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला घरच्या काँप्युटरचा जुना मॉनिटर काढून नवा लावला आणि त्या दिवसापासून आवाज नाही. तेच स्पीकर मोबाइलला लावले तर छान वाजतात, काँप्युटरला लावले की नुसती घरघर. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला. विंडोज 11 आहे.

बदलू नका, निदान इतक्यात तरी नाही. काँप्युटर दुकानात नेला की ‘बोर्ड गया, भिया’ हे निदान कॅबिनेट उघडायच्या आधीच तयार असतं. मोबाइलवर स्पीकर वाजतात म्हणजे स्पीकर, त्यांचा अ‍ॅडाप्टर आणि वायर तिन्ही ठीक आहेत. आणि आवाज नेमका मॉनिटर बदलल्यावर गेला, यातच बहुतेक उत्तर आहे.

जुन्या मॉनिटरची केबल निळ्या टोकाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली होती का? ती व्हीजीए. तिच्यातून फक्त चित्र जातं. नव्या मॉनिटरला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट केबल असणार, आणि त्यातून चित्राबरोबर आवाजही जातो. विंडोजला ते आवाजाचं नवं ठिकाण दिसतं आणि पुष्कळदा तो सगळा आवाज तिकडेच वळवतो. मॉनिटरला स्पीकर आहेत की नाहीत याची त्याला फिकीर नसते. पुष्कळ मॉनिटरना स्पीकर नसतात, फक्त मागे हेडफोनचं भोक असतं. एखादं गाणं चालू करून त्या भोकात इअरफोन घालून बघा. ऐकू आलं तर चोर सापडला.

आता सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड, आणि पान खाली नेऊन ‘मोर साउंड सेटिंग्ज’ उघडा. जुन्या पद्धतीची छोटी खिडकी येईल, तिच्यात ‘प्लेबॅक’ची यादी. गाणं चालूच ठेवा. यादीत प्रत्येक नावाच्या उजवीकडे उभी पट्टी असते. जिथे आवाज जातोय तिथली पट्टी हिरवी होऊन वरखाली नाचते. मॉनिटरच्या नावापुढे नाचत असेल तर ‘स्पीकर्स’वर क्लिक करून ‘सेट डिफॉल्ट’ दाबा. एवढ्यावर थांबू नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोजला तो भाग चालवायला लागणारा प्रोग्रॅम) अपडेट झाला की आवाज पुन्हा मॉनिटरकडे जाऊ शकतो. म्हणून मॉनिटरच्या नावावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करून टाका. पुढे कधी लागलाच तर यादीतल्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून बंद केलेली साधनं पुन्हा दाखवता येतात.

एकही पट्टी हलत नसेल तर गडबड त्याच्याही अलीकडे आहे: ब्राउझरचा टॅब म्यूट, नाहीतर व्हॉल्यूम मिक्सरमध्ये तेवढ्याच प्रोग्रॅमचा आवाज शून्यावर.

‘स्पीकर्स’ फिकट दिसून खाली ‘नॉट प्लग्ड इन’ लिहिलं असेल तर मोबाइलचा टॉर्च घेऊन कॅबिनेटच्या मागे जा. हिरवं भोक स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. मॉनिटर बदलताना सगळ्या वायरी काढल्या असतील आणि धुळीत तिन्ही भोकं सारखीच दिसतात, त्यामुळे पिन गुलाबीत जाणं अगदी सहज होतं. पुढच्या बाजूच्या भोकावर विसंबू नका. जोडणाऱ्याने त्याची आतली वायर बोर्डाला लावलेलीच नाही, असंही असतं.

‘स्पीकर्स’ नावच यादीत नसेल तरच ड्रायव्हरकडे वळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडखालचं रिअलटेक किंवा हाय डेफिनिशन ऑडिओ अनइन्स्टॉल करून काँप्युटर रीस्टार्ट करा, विंडोज आपला साधा ड्रायव्हर बहुतेक आपणच बसवतो. नाही बसला तर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांच्या वाटेला जाऊ नका. तरीही संशय राहिला तर पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) इन्स्टॉल न करता चालवून बघा. तिथे आवाज आला तर बोर्ड शाबूत आहे. आणि समजा, आवाजाची चिप खरंच गेली असली तरी बोर्ड कशाला बदलायचा? यूएसबी साउंड कार्ड जेल रोडवर काही शे रुपयांत मिळतं.

आता घरघर. ती वेगळी भानगड आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. माउस हलवताना बारीक चिरचिर येत असेल तर ती कॅबिनेटच्या आतली, मागच्या भोकात पिन लावली की बहुधा कमी होते. पण जाड, एकसुरी ‘हुंऽऽ’ असेल तर ती विजेची. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून तो सूर 50 नाहीतर 100 हर्ट्झचा असतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही किंवा कमजोर आहे. रामबागेसारख्या जुन्या वस्तीत घर असेल तर भिंतीवरच्या स्विचबोर्डावर तीन भोकं दिसतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते, असं होऊ शकतं. वायर असली तरी माळव्याची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि ती वायर जिथे जमिनीत नेलेली असते तो अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं. अशा वेळी खड्ड्यात पाणी घालतात ते उगीच नाही.

झिणझिण्या नसतील तर काँप्युटर, मॉनिटर आणि स्पीकर एकाच स्पाइक गार्डवर घ्या. वेगवेगळ्या स्विचबोर्डांवर असले की अर्थच्या वायरींतून फेरा तयार होतो आणि तो स्पीकरमधून ऐकू येतो. काही जण घरघर घालवायला प्लगची जाड पिनच तोडतात. घरघर जातेही, पण मग एखाद्या दिवशी पॉवर सप्लाय बिघडला तर कॅबिनेटला हात लावणाऱ्याला जोरात शॉक बसतो. ते मात्र करू नका. झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, आवाजाचं नंतर बघा.